पाच व्होल्टवर पंखा उठत नाही

आधीच कबूल करते, या सदरात छापून येणारे भुताखेताचे अनुभव मी आजवर फक्त हसण्यासाठी वाचले. नात वाचून दाखवायची आणि मी चहा पिता पिता एकेकाची खोट काढायची. पांढरं काही दिसलं? — वाळत घातलेली चादर असेल. छतावर पाय वाजले? — मांजर. कुत्रं उगाच भुंकलं? — कुत्र्याला दुसरं काम काय! आता माझीच पाळी आली आहे, तर तुम्हीही मोकळेपणाने हसा. फक्त शेवटपर्यंत वाचा, आणि खोट सापडलीच तर कळवा. मी स्वतः दीड महिन्यापासून शोधून राहिली आहे.

माझं वय चौऱ्याहत्तर. नागपुरात मुलींच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून रिटायर झाले. माहेरी आणि सासरी दोन्हीकडे छप्पन सालीच दीक्षा घेतलेली, त्यामुळे घरात ना अंगात येणं, ना दारावर लिंबू. वडील सांगायचे, जे कळत नाही ते मोजून बघ, आणि मोजता आलं नाही तर तोंड बंद ठेव. पहिला अर्धा भाग मी जन्मभर पाळला. दुसरा काही जमला नाही, हे तुम्हाला दिसतंच आहे.

आम्ही रामदासपेठेत राहतो, तिसऱ्या मजल्यावर. मुलगा आणि सून सकाळीच कामावर जातात. मग घरात मी आणि नात. तिचं नाव संघमित्रा, आम्ही मितू म्हणतो. ती आपल्या बोलीवर पीएचडी करते. म्हणजे दोन वर्षं कुही-भिवापूरच्या गावागावांतून हिंडली आणि म्हाताऱ्या बायांचं बोलणं रेकॉर्ड करून आणलं. कितीतरी तास! शेतातलं, लग्नातलं, भांडणातलं, सवतीला दिलेल्या शिव्यांसकट. त्यातल्या चार बाया आता नाहीत. त्यांचा आवाज उरला तो फक्त मितूच्या कम्प्युटरमध्ये.

हा कम्प्युटर माझ्या खोलीत, कारण कूलर माझ्या खोलीत. टेबलाशेजारी एका स्टुलावर त्याचा तो काळा डबा. आणि आवाज काय त्याचा! एप्रिलमध्ये माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी आराम सांगितला, आणि उशाशी ही पिठाची गिरणी.

"मितू, हे बंद कर गं, नाहीतर मला तरी बंद कर."

"आजी, पंख्यांचा आवाज आहे तो. बंद केले तर डिस्क जळंल माझी."

दोन दिवसांनी तिने एक पट्टी आणली. डब्याच्या तोंडाशी बसवायची, तिला तीन नॉब. डब्यात तीन पंखे, प्रत्येकाचा एक नॉब. सिलिंग फॅनच्या रेग्युलेटरचा धाकटा भाऊ समजा. पंखे बारा व्होल्टचे. नॉब उतरवला की व्होल्ट उतरतात, पंखा मंद होतो, आवाज कमी. समोरचा पंखा सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्याच्या मागेच ती डिस्क. मागचा पंखा गरम हवा बाहेर फेकतो. बाजूचा तिसरा उगाच शोभेला.

"किती व्होल्टवर ठेवू? नेटवर कोणी सात म्हणते, कोणी पाच."

"नेटला कान आहेत का? मला आहेत. सरक तिकडे."

डोळ्यांवर हिरवा चष्मा, हातात माझा जुना मल्टिमीटर. काय थाट! बारावर वादळ. नऊवर कूलरइतका. सातवर कुजबुज. आणि पाचवर... काहीच नाही. कान डब्याला लावला तरच कळावं की आत कोणी श्वास घेतं आहे. तिन्ही नॉब मी पाचवर आणून ठेवले.

मितू हुशार आहे. म्हणाली, "आजी, लाइन गेली अन् परत आली, तर पाचवर उठतील हे?"

"बघ ना." मी स्विच बंद केला, लगेच चालू केला. तिन्ही पंखे फिरायला लागले. "उठले का? झालं तर मग."

आता खरं सांगते. आयटीआयच्या पहिल्याच महिन्यात मी मुलींना शिकवायची की फिरता पंखा कमी व्होल्टवर फिरत राहतो, पण थांबलेला पंखा उठवायला जास्त व्होल्ट लागतात. भाजीची हातगाडी एकदा सुटली की एका हाताने चालते, उभी गाडी हलवायला मात्र खांदा लावावा लागतो. तसंच. म्हणून तपासताना पंखा पूर्ण थांबू द्यायचा, वीसपर्यंत मोजायचं आणि मगच स्विच दाबायचा. मितूसमोर मी मोजले तीन. पाती अजून गिरकीत होती. मला झोपायची घाई, आणि नातीपुढे मिरवायची त्याहून जास्त.

हाच घोळ मी आधी एकदा केला होता. तो सांगितल्याशिवाय पुढचं तुम्हाला कळायचं नाही.

तेव्हा आम्ही नागपुरातच, इंदोऱ्यात, दोन खोल्यांत राहायचो. मालक, म्हणजे मितूचे आजोबा, फिरतीच्या नोकरीत, मूल लहान, आणि घरात माझी सासू. तिला सगळे माय म्हणायचे. माय भिवापूरची. अर्धं आयुष्य मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे जिथे बाया ढिगाभोवती बसून मिरचीचे देठ खुडतात तिथे, गेलेलं. तिच्या बोटांत तिखट मुरलं होतं. साबण लावा, तेल लावा, राख लावा, जात नव्हतं. ती तांब्या उचलायची आणि तो तांब्या तोंडाला लावणारा सी-सी करायचा. माझ्या मुलाला तिने कधी बोटांनी कुरवाळलं नाही. हात उलटा करून मनगटाने गाल पुसायची त्याचे. स्वतःचा घामही मनगटानेच.

आणि मी? तीस वर्षांची कुसुमबाई म्हणजे एक नमुनाच होता! पर्समध्ये पावडरच्या डबीऐवजी टेस्टर. शेजारीण पापड लाटायला बोलवायला आली तर तिला ओहमचा नियम सांगणारी. जगातलं सगळं अज्ञान आपल्याच घरात साठलं आहे आणि ते मायच्या रूपाने कूलरसमोर बसलं आहे, अशी माझी खात्री.

कारण मायने कूलरचं नाव ठेवलं होतं बापू. त्याची मोटर म्हातारी. लाइन जाऊन आली की नुसती घुमायची, पातं हलायचं नाही. माय कूलरमागे तुरीची एक वाळकी काडी खोचून ठेवायची. ती जाळीतून आत घालायची, पात्याला ढोसायची. "उठ गा, बापू... उठ. झोपाची वेळ आहे का हे?" टक्, टक् आवाज व्हायचा जाळीवर, आणि बापू उठायचा.

मी कपॅसिटर बदलला. बापू आपला आपण उठायला लागला. तरी लाइन आली की माय काडी घेऊन हजर.

"माय, आता गरज नाही. तो उठतो."

"त्याले सवय आहे वं माही."

"मोटरला सवय नसते. वाइंडिंग असतं."

"असंल. पण मी हाक नाई मारली त त्याले कसं वाटंल?"

एका रविवारी माझ्या आयटीआयच्या आठ-दहा मुली घरी आल्या होत्या. लाइन गेली, आली, माय उठली काडी घेऊन. मुली फिसकन हसल्या. मला इतकी लाज वाटली की मी मायच्या हातातली काडी घेतली, मुलींसमोर कडकन मोडली आणि चुलीत घातली. वर छोटंसं भाषण दिलं की अंधश्रद्धा अशी मोडायची असते. टाळ्या पडल्या! आज ती कुसुमबाई मला भेटली तर तिचा कान धरून तिला मी सातऱ्यावर बसवीन.

माय एवढंच म्हणाली, "मी नसली त उठवंल कोण त्याले?"

"मी आहे ना," मी म्हणाले.

त्याच आठवड्यात पेपर तपासताना बापूचा घरघराट नको म्हणून मी त्याला रेग्युलेटर बसवला. चालत्या मोटरवर, हळूहळू उतरवत, कानाला गोड लागेल तिथे थांबले. तपासला कसा? स्विच बंद, लगेच चालू. तीन मोजून.

दोन-तीन दिवसांनी मी ड्यूटीवर, मूल सुट्टीला माझ्या माहेरी. दुपारी लाइन गेली आणि आली. बापू उठला नाही. काडी नव्हती. आत दुसरं काही घातलं तर करंट लागेल, ही भीती मीच मायच्या मनात भरलेली. रेग्युलेटरला हात लावायचा नाही, हाही माझाच हुकूम. मे महिन्याची दुपार, वर टिनाचं छत. मी पाचला घरी आले तर माय कूलरला टेकून बसली होती आणि हाकेला ओ देत नव्हती. ऊन लागलं होतं. तीन दिवस दवाखान्यात होती.

घरी आल्यावर पहिलं काय म्हणाली? "मले काई नाई झालं वं. बापूले पाहा. तो काहून उठला नाई?"

मी रेग्युलेटर चढवला आणि म्हणाले, "व्होल्टेज कमी होतं, माय. लाइनचाच दोष."

लाइनचा दोष! शिकलेल्या बाईने अशी थाप मारली आणि न शिकलेल्या बाईने मान डोलावली. पुढे कितीतरी वर्षं जगली माय. मी तिला खरं सांगितलं नाही. मालकांनाही नाही. कोणालाच नाही.

आता या मे महिन्यातल्या त्या दुपारचं सांगते.

मितूच्या रेकॉर्डिंगची एक कॉपी वेगळ्या डिस्कवर होती. ती डिस्क बसमधून उतरताना बॅगेतून पडली आणि मेली. म्हणजे दोन वर्षांचं काम आता एकाच ठिकाणी उरलं, माझ्या उशाशी. पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने नवी डिस्क आणली, सकाळी सगळं कॉपीला लावलं आणि कुहीला निघाली, एका आजीची सही घ्यायची राहिली होती म्हणून.

"संध्याकाळपर्यंत होईल, आजी. हात नको लावू. लाइन गेली तर काही करू नको, आली की आपोआप चालू होते अन् कॉपी पुढे सरकते. तशी सेटिंग करून ठेवली आहे."

"बरं."

"अन् पंखे? तू बघितले ना नीट?"

"अगं हो, बघितले. जा तू."

ती गेल्यावर मी दाराला आतून कडी घातली. ओल्या फडक्याने डब्याची जाळी पुसली, नॉब पुसले, कारण धुळीने डोळा खुपत होता. जेवले. हात साबणाने धुऊन डोळ्यात थेंब घातले. बाहेर पंचेचाळीस असेल; रस्त्यावर एक स्कूटर नाही, कावळा नाही. आपल्याकडे मेच्या दुपारी दोन वाजता जी शांतता पडते तिच्यासारखी सुनसान वेळ दुसरी नाही. दीडच्या सुमारास लाइन गेली. कूलर थांबला. मी पडल्या पडल्या पदराने वारा घेत होते, तेवढ्यात डोळा लागला.

जाग आली ती कशाने, ते मला नीट सांगता येत नाही. आधी आवाज आला. कोरडा. लोखंडी जाळीवर वाळकी काडी लागावी तसा. टक्... टक्. मग कोणीतरी अगदी जवळ, पण माझ्याशी नाही, लाडाने रागावल्यासारखं म्हणालं —

"उठ गा, बापू... उठ."

आणि सुर्रर्र.

मी डोळे उघडले. खोलीत कोणी नव्हतं. कूलर सुरू होता, म्हणजे लाइन आलेली. भिंतीवर दोन पस्तीस. माझ्या अंगावर काटा आला होता, पण कुसुमबाई अजून मेलेली नाही ना! मी मनात म्हणाले, स्वप्न. रेकॉर्डिंगं ऐकून ऐकून डोक्यात बाया बोलायला लागल्या आहेत. उठून डब्याशी गेले. डबा हाताला चटका बसेल इतका गरम. पण समोरचा पंखा फिरत होता, जाळीवर बोटं ठेवली तर वारा लागत होता. नॉब पाचवरच. आणि बघा माझा स्वभाव, मला आनंद झाला! उठला की नाही पाचवर? मी म्हटलंच होतं.

मग घाम आला म्हणून वरचा ओठ बोटांनी पुसला.

ओठ पेटला. मिरचीने पेटतो तसा. जीभ लावली तर जीभही. घरात माझ्या हाताला मिरची लागायचं कारणच नव्हतं, ऑपरेशनपासून सुनेने मला ओट्याजवळसुद्धा येऊ दिलं नव्हतं. घाम आता भुवईवरून उजव्या डोळ्याकडे उतरत होता. ऑपरेशनच्या डोळ्याकडे. माझा हात वर गेला, आणि मध्येच उलटा झाला. मी घाम मनगटाने टिपला.

ती सवय माझी नाही.

मी पलंगावर बसून राहिले. मितू येईपर्यंत तिथेच.

सहा वाजता मी उठून कडी काढली तशी ती आत आली, चप्पल न काढताच कम्प्युटरपुढे बसली. कॉपी पूर्ण झाली होती. सगळं शाबूत, त्या चौघी बायांसकट. पोरीने मोठा श्वास सोडला. मग तिने सहज डिस्कच्या तापमानाची नोंद उघडली. कम्प्युटर दर मिनिटाला डिस्कचं टेंपरेचर लिहून ठेवतो. वाचता वाचता एका ओळीवर तिने बोट ठेवलं.

"आजी, दोन वाजून आठ मिनिटांनी लाइन आली. तेव्हा सेहेचाळीस. मग पन्नास, चोपन्न, अठ्ठावन्न... दोन चौतीसला त्रेसष्ट. मग एकदम उतरत गेलं."

"म्हणजे?"

"म्हणजे सव्वीस मिनिटं समोरचा पंखा बंद होता. अजून दहा मिनिटं राहिला असता तर संपलंच होतं सगळं." तिने माझ्याकडे बघितलं. "तू चालू केला?"

"मी झोपली होती."

"मग कोणी केला?"

"त्यात लिहिलं नाही का?"

"ते यात लिहून नसते, आजी."

मी तिला म्हणाले, बंद कर. पूर्ण थांबू दे. वीस मोज, मग चालू कर. तिने केलं. मागचा उठला नाही, बाजूचा उठला नाही. समोरचा पंखा किंचित थरथरला आणि बसून राहिला. परत केलं. परत बसला. आम्ही त्या संध्याकाळी वीस वेळा केलं. पाच व्होल्टवर तो पंखा एकदाही उठला नाही. उदबत्तीची काडी जाळीतून घालून पात्याला जरा ढोसलं की मात्र लगेच फिरायचा, आणि मग फिरतच राहायचा. आपला आपण उठायला त्याला सहाच्या वर व्होल्ट लागत होते.

तुम्ही जे म्हणाल ते सगळं मी करून बघितलं आहे. उष्णतेने बेअरिंगचं ग्रीस पातळ झालं असेल? मितूच्या हेअर ड्रायरने त्रेसष्टपर्यंत तापवला, नाही उठला. कूलरचा हादरा? कूलर फुल करून, डबा त्याला टेकवून बघितला, नाही. लाइन येताना व्होल्टेजचा झटका? मेन स्विच पाडून दहा वेळा बघितलं. मी झोपेत उठले असेन? असेन बाई, म्हातारीचा काय भरवसा. पण त्या जाळीतून माझं बोट जात नाही आणि पलंगाजवळ कुठे काडी सापडली नाही. कडी आतून तशीच होती. मिरची मितूच्या हाताची असेल? ती भिवापूरहून आठवड्यापूर्वी मिरची घेऊन आली होती खरी. पण सकाळीच मी ती जाळी ओल्या फडक्याने पुसली होती.

समोरचा आणि मागचा नॉब मी साडेसातवर नेऊन ठेवला. थोडी कुजबुज असते, असू दे. त्यानंतर लाइन कितीदा गेली आणि आली, दोन्ही पंखे आपले आपण उठतात.

त्याच संध्याकाळी मी मितूला रेग्युलेटरची गोष्ट सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी. तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "पण आजी, तू मायला कधीच नाही सांगितलं? लाइनचा दोष नव्हता म्हणून?"

"नाही."

"काहून?"

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइन गेली. मी एकटी होते. लाइन आली, दोन पंखे उठले, आणि मी त्या डब्यापुढे खुर्ची ओढून मोठ्याने म्हणाले, "माय, लाइनचा दोष नव्हता. माझा होता." कूलरचा वारा, बाकी काही नाही. काही व्हायला हवं होतं असंही नाही. ओठ मात्र मी तपासला. नव्हतं तिखट.

बाजूचा तिसरा पंखा, तो शोभेचा, अजून पाचवरच आहे. लाइन आली की तो थरथरतो आणि बसतो. मितू रोज कटकट करते, "आजी, त्याला पण साडेसातवर ने ना. असा काहून ठेवून राहिली?"

मी तिला म्हणते, राहू दे. सगळेच आपले आपण उठायला लागले, तर मायला यायला कारण काय उरेल?